‘शंभर वर्षांचा पूर’ : एक संज्ञा, तिचे गणित आणि बदलते हवामान

१. संज्ञेचा प्रश्न

शासकीय अहवालांत, नगररचनेच्या नकाशांत आणि वृत्तपत्रांत ‘शंभर वर्षांचा पूर’ ही संज्ञा वारंवार आढळते. ती आता इतकी रूढ झाली आहे की तिचा अर्थ विचारण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. परंतु २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर येथे पंचगंगेची पाणीपातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, ती ५६ फुटांच्याही वर पोहोचली. या ठिकाणची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २००५ चा महापूरही लोकांच्या स्मरणात होताच. अशा वेळी सामान्य नागरिकाने ‘शंभर वर्षांनी येणारा पूर पुन्हा इतक्यात कसा आला?’ असे विचारले, तर त्याचा दोष त्याच्या अज्ञानाकडे नसून संज्ञेच्या रचनेकडे जातो.

मराठीत षष्ठीच्या ‘चा-ची-चे’ या प्रत्ययाने अनेक संबंध व्यक्त होतात. ‘शंभर वर्षांचा वृक्ष’ म्हटले की वय कळते, ‘पाच वर्षांचा करार’ म्हटले की मुदत कळते आणि ‘बारा वर्षांचा सिंहस्थ’ म्हटले की नियत अंतराने येणारे पर्व मनात उभे राहते. ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दसमूहाला ऐकणारा यांपैकी तिसरा अर्थ देतो. शास्त्रीय परिभाषेतील ‘पुनरावृत्तिकाल’ हा शब्दही याच समजुतीला बळ देतो, कारण ‘आवृत्ति’ या शब्दात परत वळण्याची, फेरा पुरा करण्याची कल्पना अनुस्यूत आहे. वस्तुतः शास्त्राला अभिप्रेत असलेला अर्थ या तिन्हींहून भिन्न आहे. ज्या विसर्गाची मर्यादा कोणत्याही एका वर्षी ओलांडली जाण्याची संभाव्यता एक टक्का आहे, तो ‘शंभर वर्षांचा पूर’ होय. त्यात फेरा नाही, क्रम नाही आणि मागच्या वर्षीच्या पुराची आठवणही नाही.

हा अर्थ स्वीकारला की काही परिणाम ओघानेच निघतात. तीस वर्षांच्या कालावधीत असा पूर किमान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे २६ टक्के, पन्नास वर्षांत सुमारे ३९ टक्के आणि शंभर वर्षांत सुमारे ६३ टक्के ठरते. म्हणजे शंभर वर्षांत तो येईलच असे नाही, आणि एकदा आला म्हणून पुढील नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त राहता येईल असेही नाही. शिवाय ही संभाव्यता एकेका ठिकाणापुरती असते. परस्परांपासून दूर व स्वतंत्र अशा शंभर नद्यांचा विचार केला, तर त्यांपैकी कोठेतरी ‘शंभर वर्षांचा पूर’ सरासरीने दरवर्षी येतो.

तथापि, संज्ञेचा अर्थ नीट लावल्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. ‘कोणत्याही एका वर्षी एक टक्का’ असे म्हणताना सर्व वर्षे सारखी आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. हवामानच बदलत असेल, तर हे गृहीत कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे.

२. सूत्रांत गोठलेले हवामान

महत्तम विसर्गाचा अंदाज करण्याची भारतातील जुनी पद्धत अनुभवसिद्ध सूत्रांची आहे. उत्तर भारतासाठी डिकन्स यांनी १८६५ मध्ये आणि मद्रास इलाख्यासाठी राइव्ह्ज यांनी १८८४ मध्ये अशी सूत्रे सुचविली. मुंबई इलाख्यातील, विशेषतः सह्याद्रीतील नद्यांसाठी सर क्लॉड इंग्लिस यांचे सूत्र रूढ झाले. खडकवासला येथील जलसंशोधन केंद्राशी त्यांचे नाव निगडित आहे. त्या सूत्रानुसार पाणलोट क्षेत्राच्या चौरस किलोमीटरांतील आकड्यास १२४ ने गुणावयाचे आणि त्या क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागावयाचे. उत्तर सेकंदाला घनमीटर या परिमाणात मिळते. १०० चौरस किलोमीटरांच्या पाणलोटास हे उत्तर सुमारे १,१८० घनमीटर येते.

या सूत्रात क्षेत्रफळ आहे, परंतु पाऊस कोठेही नाही. तो वगळलेला नसून १२४ या स्थिरांकात सामावलेला आहे. सूत्र ज्या काळातील पुरांवरून बसविले गेले, त्या काळातील पर्जन्यमान, वने, माती आणि नदीपात्रे या सर्वांचा सारांश त्या एका संख्येत साठविलेला आहे. हवामान बदलले तरी संख्या आपोआप बदलत नाही. ती वापरणाऱ्याला बदलाची सूचनाही देत नाही. हाच धोका पुढे आलेल्या अधिक सूक्ष्म पद्धतींतही निराळ्या रूपाने शिल्लक राहतो.

अंदाज चुकल्यास काय घडते, याचे उदाहरण गुजरातमधील मोरवी येथील आहे. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरील दुसऱ्या क्रमांकाचे धरण फुटले. सांडवा ज्या पुरासाठी संकल्पिला होता, त्याच्या दुपटीहून अधिक पाणी त्या दिवशी आले. मातीच्या बांधावरून ते वाहू लागले आणि खालचे शहर उद्ध्वस्त झाले. ही दुर्घटना हवामानबदलाचा पुरावा म्हणून येथे दिलेली नाही. संकल्पित पुराचा आकडा अपुरा निघाला, तर त्याची किंमत कोण देतो, एवढेच तिच्यावरून लक्षात घ्यावयाचे आहे.

३. वारंवारतेचे गणित

विसाव्या शतकात पुराच्या अभ्यासाला संख्याशास्त्राचे अधिष्ठान मिळाले. फिशर व टिपेट यांनी १९२८ मध्ये चरम मूल्यांच्या वितरणांचे मर्यादारूप दाखवून दिले आणि एमिल गुंबेल यांनी १९४१ मध्ये ते पुरांच्या पुनरावृत्तिकालास लावले. नाझी राजवटीच्या उदयकाळी हायडेलबर्ग विद्यापीठातील अध्यापकपद गमावलेले हे गणिती फ्रान्समार्गे अमेरिकेत पोहोचले होते. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा चरम मूल्यांवरील ग्रंथ या विषयातील आधारग्रंथ ठरला.

पद्धतीचे सार असे : प्रत्येक वर्षातील सर्वांत मोठा विसर्ग घ्यावयाचा, अशा तीसचाळीस वर्षांच्या आकड्यांची सरासरी व प्रमाण विचलन काढावयाचे, आणि गुंबेलच्या वितरणावरून इष्ट संभाव्यतेचा विसर्ग निश्चित करावयाचा. उदाहरणार्थ, एका कल्पित नदीच्या वार्षिक महत्तम विसर्गाची सरासरी सेकंदाला २,००० घनमीटर आणि प्रमाण विचलन ६०० घनमीटर आहे, असे समजू. दीर्घ नोंदीच्या मर्यादेत गुंबेलच्या वितरणानुसार शंभर वर्षांच्या पुरासाठी विचलनास ३.१४ ने गुणून ते सरासरीत मिळवावे लागते. उत्तर सुमारे ३,८८० घनमीटर येते.

आता हवामान, भूमिवापर किंवा अन्य कारणाने सरासरी व विचलन दोन्ही केवळ दहा टक्क्यांनी वाढली, असे मानू. म्हणजे सरासरी २,२०० आणि विचलन ६६० झाले. शंभर वर्षांचा पूर आता सुमारे ४,२७० घनमीटर होईल. ही वाढही दहाच टक्क्यांची आहे. परंतु पूर्वीच्या ३,८८० घनमीटर विसर्गाचा पुनरावृत्तिकाल काढला, तर तो शंभर वर्षांवरून सुमारे ४७ वर्षांवर येतो. सरासरी तीच राहून केवळ विचलन दहा टक्क्यांनी वाढले, तरी तो सुमारे ७० वर्षांवर उतरतो. म्हणजे विसर्गातील अल्पशा वाढीने धोक्याची संभाव्यता मात्र दुपटीहून अधिक होऊ शकते. वितरणाच्या टोकाशी असलेल्या घटना मध्यातील बदलास अशा प्रकारे विलक्षण संवेदनशील असतात. ‘पाऊस थोडाच वाढला आहे’ या विधानातून ‘धोका थोडाच वाढला आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही, तो यामुळे.

या गणिताची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. उपर्युक्त अंदाज तीस वर्षांच्या नोंदीवरून केला असेल, तर त्याची प्रमाण त्रुटी सुमारे ४३० घनमीटर येते. म्हणजे पंचाण्णव टक्के विश्वासार्हतेच्या मर्यादा साधारणतः ३,००० ते ४,७०० घनमीटर अशा रुंद असतात. हवामानबदलाने झालेली मानलेली ३९० घनमीटरांची वाढ या पट्ट्यात सहज लपून जाते. याचा अर्थ असा की, जो बदल धोक्याला दुप्पट करू शकतो, तोच बदल एका नदीच्या तीस वर्षांच्या नोंदीत सिद्ध करता येईलच असे नाही. ‘बदल आढळला नाही’ आणि ‘बदल झाला नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत.

त्यात नोंदींचे स्वतःचे दोष मिळतात. मोठ्या पुरात विसर्ग प्रत्यक्ष मोजणे बहुधा अशक्य असते. मोजली जाते ती पाणीपातळी, आणि पातळी व विसर्ग यांचा संबंध दाखविणारा वक्र मोजलेल्या मर्यादेपलीकडे वाढवून विसर्ग ठरविला जातो. शिवाय पात्रात भराव पडला, पूल बांधले गेले किंवा पूरमैदानात इमारती उभ्या राहिल्या, तर तोच विसर्ग अधिक उंच पातळीवरून वाहतो. म्हणून पातळीचा उच्चांक मोडला म्हणजे विसर्गाचाही उच्चांक मोडला, असे म्हणता येत नाही.

४. स्थैर्याचे गृहीतक

वारंवारतेच्या या सर्व गणिताच्या मुळाशी एक गृहीतक आहे : मागील वर्षांचे पूर आणि पुढील वर्षांचे पूर एकाच वितरणातून येतात. यास स्थैर्यगृहीतक म्हणता येईल. २००८ मध्ये मिली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हे स्थैर्य आता मृत झाले आहे, अशा अर्थाचे शीर्षक असलेला लेख प्रसिद्ध केला आणि जलविज्ञानात मोठा वाद सुरू झाला.

या मताच्या पाठीशी भौतिकशास्त्राचा भक्कम आधार आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्पधारणक्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, औद्योगिक युगापूर्वी भूपृष्ठावर दहा वर्षांतून सरासरीने एकदा होणारी अतिवृष्टी एक अंश तापमानवाढीत १.३ पट, दीड अंशात १.५ पट आणि दोन अंशांत १.७ पट वारंवार होते. भारतापुरते पाहता, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील भू. ना. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असे दाखविले की, १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या, परंतु मध्यम पावसाच्या घटना घटल्याने हंगामाची एकूण सरासरी फारशी बदलली नाही. त्याच संस्थेतील रॉक्सी कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तीर्ण क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे आढळले. सरासरी स्थिर आणि टोके वाढती, ही स्थिती मागील विभागातील केवळ विचलन वाढण्याच्या उदाहरणाशी मिळतीजुळती आहे.

परंतु अतिवृष्टी म्हणजे महापूर नव्हे. आशिष शर्मा व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नेमका हाच प्रश्न उपस्थित केला की, अतिवृष्टी वाढत असताना पूर त्या प्रमाणात का वाढलेले दिसत नाहीत? त्यांच्या विवेचनानुसार, पावसापूर्वी माती किती ओली आहे, वादळाचा विस्तार केवढा आहे आणि डोंगराळ भागात बर्फ किती आहे, यांवर पुराचा आकार अवलंबून असतो. तापमान वाढले की माती अधिक कोरडी राहते आणि पावसाचा पहिला भाग ती शोषून घेते. म्हणून लहान व मध्यम पूर घटून अतिदुर्मिळ पूर मात्र वाढण्याचा संभव असतो. ब्लोश्ल व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये युरोपातील हजारो मापनकेंद्रांच्या १९६० ते २०१० या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा वायव्य युरोपात पूर वाढल्याचे, तर दक्षिण व पूर्व युरोपात ते घटल्याचे दिसून आले. हवामानबदलाचा परिणाम सर्वत्र एकाच दिशेने होत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

पंचगंगेचे उदाहरण याच दृष्टीने पाहावे लागते. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांचे उगम सह्याद्रीच्या माथ्यावर आहेत. मध्य भारताविषयीचे निष्कर्ष तेथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. जुलैच्या अखेरीपर्यंत तेथील माती संपृक्त झालेली असते, म्हणून कोरड्या मातीने पूर शोषून घेण्याचा लाभ ऑगस्टच्या पुरास मिळत नाही. राधानगरीसारख्या धरणांतील साठा, प्रयाग चिखलीजवळील संगमावर एकाच वेळी पोहोचणारे अनेक प्रवाह, आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळताना कृष्णेच्याच फुगवट्याने अडणारे पाणी, या सर्वांचा वाटा पुराच्या पातळीत असतो. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तीही कारणांची ही गुंतागुंत उलगडण्यासाठीच. अशा नदीवरील एका वर्षाच्या पुराचे खापर केवळ हवामानबदलावर फोडणे जितके अशास्त्रीय, तितकेच त्याला हिशेबाबाहेर ठेवणेही अशास्त्रीय होय.

५. पुढील मार्ग व त्यांच्या मर्यादा

बदलत्या हवामानात महत्तम विसर्गाचा अंदाज कसा करावा, यासाठी आज मुख्यतः चार मार्ग अवलंबिले जातात.

पहिला मार्ग म्हणजे वितरणाची प्राचले कालानुसार बदलू देणे. सरासरी दरवर्षी अमुक प्रमाणात वाढते असे मानले, की ‘शंभर वर्षांचा पूर’ ही एक संख्या न राहता वर्षागणिक बदलणारी मालिका होते. पन्नास वर्षे टिकावयाच्या पुलाबाबत ओलांडण्याची वार्षिक संभाव्यता एक टक्क्यापासून दोन टक्क्यांपर्यंत समप्रमाणात वाढत गेली, तर त्या मुदतीतील एकूण जोखीम ३९ टक्क्यांऐवजी सुमारे ५३ टक्के होते. परंतु कुत्सोयान्निस व मोंतानारी यांनी २०१५ मध्ये घेतलेला आक्षेप येथे महत्त्वाचा आहे. अल्पकालीन नोंदीतील चढ हा खरा कल असतो की नैसर्गिक दीर्घ हेलकाव्याचा एक भाग असतो, हे नोंद स्वतः सांगू शकत नाही. कारण ज्ञात नसता केवळ आलेख पुढे वाढविणे म्हणजे अनिश्चितता कमी न करता ती लपविणे होय.

दुसरा मार्ग हवामान-प्रतिमानांचा. प्रतिमानांतून भावी पाऊस घ्यावयाचा, तो नदीखोऱ्याच्या मापावर आणावयाचा आणि जलवैज्ञानिक प्रतिमानातून विसर्ग काढावयाचा. या मार्गाने कारण व कार्य यांची साखळी जोडता येते. तथापि, साखळीतील प्रत्येक दुवा आपली अनिश्चितता पुढे सोपवितो, आणि सह्याद्रीसारख्या अरुंद पर्वतरांगेवरील पाऊस स्थूल प्रतिमानांत नीट उमटत नाही.

तिसरा मार्ग व्यवहाराचा : जुन्या पद्धतीने आलेल्या आकड्यास एका वाढीव गुणकाने गुणावयाचे. ब्रिटनमध्ये आरंभी सरसकट २० टक्के वाढ धरली जात असे. पुढे नदीखोऱ्यानुसार व कालखंडानुसार निराळे गुणक देण्यात येऊ लागले. हा मार्ग ओबडधोबड आहे, परंतु गृहीतक उघडपणे लिहिले जाते, हा त्याचा गुण होय.

चौथा मार्ग भूतकाळाकडे जातो. खडकाळ घळईत मोठ्या पुराचे पाणी कडेच्या संथ कोपऱ्यांत बारीक गाळाचे थर सोडून जाते. त्यांचे वय ठरवून नोंदपूर्व महापुरांचा अंदाज करता येतो. विश्वास काळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तापी व नर्मदा यांच्या घळयांत असा अभ्यास केला आहे. त्याने नोंदीची लांबी दशकांवरून शतकांवर जाते आणि हवामान पूर्वीही स्थिर नव्हते, याचे भान येते. मात्र पूर्वीचे बदल म्हणजे भावी बदलांचा नमुना, असे मानता येत नाही.

या चारांपैकी कोणताही मार्ग एकट्याने पुरेसा नाही. मोठ्या धरणांसाठी भारतीय मानकात वापरला जाणारा ‘संभाव्य महत्तम पूर’ ही कल्पनाही अपवाद ठरत नाही. इतिहासातील प्रबळ वादळ घेऊन त्या ठिकाणी शक्य असलेल्या कमाल बाष्पाच्या प्रमाणात ते वाढविले जाते. परंतु समुद्र तापला की ती कमाल मर्यादाच वर सरकते. जिला निरपवाद मर्यादा मानले, तीही हवामानसापेक्ष आहे.

६. रेषा, संज्ञा आणि निर्णय

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात. सामान्यतः पंचवीस वर्षांच्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात ते सशर्त, आणि लाल रेषेबाहेर पुरासंबंधीची ही बंधने सुटतात. जमिनीची किंमत, घराची परवानगी, रुग्णालयाची जागा या गोष्टी त्या रेषांवर ठरतात. नकाशावरील रेषा एका केसाइतकी बारीक असते. तिच्यामागील अंदाजाची विश्वासार्हता-मर्यादा मात्र, वर पाहिल्याप्रमाणे, मोठ्या अंतराची असते. रेषेच्या आतला मनुष्य धोक्यात आणि बाहेरचा निर्भय, असा अर्थ गणितातून कधीच निघत नाही. तो केवळ रेषेच्या स्वरूपातून आणि ‘शंभर वर्षे’ या शब्दांतून निघतो.

म्हणून परिभाषेचा प्रश्न येथे गौण ठरत नाही. ‘शंभर वर्षांचा पूर’ याऐवजी ‘वार्षिक एक टक्का संभाव्यतेचा पूर’ असे म्हणणे अधिक यथार्थ आहे, आणि घराच्या संदर्भात ‘तीस वर्षांत चारांत सुमारे एक’ असे सांगणे अधिक सुबोध आहे. या रचनेत आणखी एक लाभ आहे. ‘शंभर वर्षांचा’ या विशेषणात काळ गोठलेला असतो. ‘वार्षिक संभाव्यता’ म्हटले, की ‘कोणत्या वर्षी?’ हा प्रश्न विचारता येतो. २०२५ मध्ये एक टक्का असलेली संभाव्यता २०६० मध्ये किती असेल, हा प्रश्न जुन्या संज्ञेत व्याकरणदृष्ट्याच नीट मांडता येत नव्हता.

निष्कर्षतः असे म्हणता येईल की, बदलत्या हवामानाने पुराचे अंदाज निरर्थक ठरविलेले नाहीत. त्यांची मुदत मात्र मर्यादित केली आहे. प्रत्येक संकल्पित पुराबरोबर तो कोणत्या काळातील नोंदीवरून, कोणत्या गृहीतकाने व किती त्रुटीसह काढला, हे नमूद व्हावे, आणि ठराविक वर्षांनी तो पुन्हा तपासला जावा. पुलाची उंची किंवा सांडव्याची रुंदी ठरविताना अनिश्चिततेच्या खालच्या टोकाऐवजी वरच्या टोकाचा विचार करणे शहाणपणाचे ठरते, कारण अंदाज जास्त निघाल्यास काही खर्च वाया जातो आणि कमी निघाल्यास माणसे वाहून जातात. या दोन चुका गणितात सममित दिसल्या, तरी नदीकाठी त्या कधीच सममित नसतात.